स्मॉकिंगचे दोन फ्रॉक: प्रकल्प नोंदी

१४ जून

गणपतीत भाचीच्या दोघी मुली येणार आहेत. मोठी पाच वर्षांची, धाकटी दोनची. दोघींसाठी हाताच्या स्मॉकिंगचे, म्हणजे कापडाला बारीक चुण्या घालून त्या भरतकामाने बांधलेले, फ्रॉक शिवायचं ठरवलं. मोठीचा योकचा करायचा: खांद्याला छोटा योक (चुण्या नसलेला वरचा सपाट तुकडा) आणि त्याखाली छातीवर स्मॉकिंग. धाकटीचा बिशप. बिशपला योक नसतोच. पुढचा भाग, पाठीचे दोन भाग आणि दोन बाह्या एकमेकांना जोडून सगळ्याच्या मिळून गळ्याभोवती चुण्या घालतात आणि त्या चुण्यांवर भरतकाम.

आज रविवार पेठेत जाऊन कापड आणलं. ‘स्मॉकिंग’ म्हटल्याबरोबर दुकानदाराने मीटरवर मिळणारं तयार चुणीदार कापड पुढे टाकलं. "मावशी, हे घ्या, नुसत्या दोन टिपा मारल्या की फ्रॉक तयार." ते कापड रबरी दोऱ्याचं असतं. बॉबिनवर रबरी दोरा हाताने सैलसर गुंडाळून मशीनवर ओळी मारतात, दोरा आखडला की कापड चुणतं. रोजच्या वापराला काही वाईट नाही, पण रबर शेवटी रबर. गरम पाणी आणि उन्हाने त्याचा जीव जातो आणि फ्रॉकची छाती लोंबायला लागते. हाताच्या स्मॉकिंगमध्ये रबराचा एक तंतूही नसतो, ताण येतो तो टाक्यांमुळे. कुठल्या ओळीला कुठला टाका घालायचा हे मी दिसण्यापेक्षा त्याच्या ताणावर ठरवते. या दोन फ्रॉकचं गणितही त्याच हिशेबाने मांडणार आहे.

मोठीसाठी निळा-पांढरा बारीक चौकड्याचं सुती कापड घेतलं. चौकडी १/८ इंचाची, पन्हा ३६, सव्वादोन मीटर. धाकटीसाठी पांढरी २×२ रुबिया (ब्लाउजला वापरतात ते पातळ कापड), दोन मीटर. केंब्रिकही हातात घेऊन पाहिलं होतं. योकच्या फ्रॉकला ते चाललं असतं, बिशपला नको. पाच भागांचा सगळा घेर एका गळ्यात गोळा होतो, कापड जरा जाड असलं की मानेशी गठ्ठा होतो आणि पोरगी दिवसभर मान खाजवत बसते.

१६ जून

दोन्ही कापडं रात्रभर साध्या पाण्यात भिजवून खळ काढली. पावसाळी हवेत घरातच दोरीवर वाळवली, त्यामुळे वेळ लागला. किंचित दमट असतानाच उभ्या धाग्यावर इस्त्री केली.

दोऱ्यांच्या लड्यांची परीक्षाही आजच उरकली. अँकरचा सहापदरी दोरा आहे, रंग सहसा जात नाही. पण पांढऱ्या कापडावर काम करायचं आणि पुढे वाफ द्यायची म्हटल्यावर मी विश्वासावर सोडत नाही. प्रत्येक रंगाचा बोटभर तुकडा ओला करायचा, पांढऱ्या चिंधीत दाबून वरून गरम इस्त्री ठेवायची. गडद निळा आणि हिरवा पास झाले. एका गडद गुलाबीने चिंधीवर पुसट डाग सोडला, त्याला बाजूला काढलं आणि फिकट गुलाबी घेतला.

१९ जून

भाचीचा फोन. "मावशी, छाती बनियनवरून मोजू की फ्रॉकवरून?" बनियनवरून, आणि पोरीला श्वास रोखून उभी करू नकोस म्हटलं. मोठीची छाती २३ इंच, खांद्यापासून गुडघ्यापर्यंत उंची २२. धाकटीची छाती २०, उंची १७.

मोठीचं गणित असं. पुढच्या भागाला कापडाचा अख्खा ३६ इंची पन्हा वापरायचा. स्मॉकिंग झाल्यावर तो साडेअकरा इंचांवर यायला हवा. साधारण तिप्पट कापड लागतं हा जुना हिशेब, आणि पातळ कापडाला तो बरोबर बसतो. दुपटीवर भागवलं तर चुण्या विरळ पडतात आणि टाके मधेच लोंबकळतात. पाठीला स्मॉकिंग नाही, साध्या चुण्या आणि मधोमध बटणपट्टी. खाली तीन इंचांची दुमड ठेवणार आहे. या वयात पोरी आधी उंचीला वाढतात. दुमड उसवून फ्रॉक लांब करता येतो आणि छाती तर आपोआपच पुरते.

कागदावर योक, मुंढा (बाही जिथे जोडतात तो बगलेचा काप), फुग्याची बाही आणि गोल कॉलर काढून ठेवली. मुंढ्याचा आकार पुढच्या भागावर आखला आहे, कापला मात्र नाही. चुण्या आणि भरतकाम पूर्ण होईपर्यंत तो भाग चौकोनीच ठेवायचा.

२४ जून

धावदोरे सुरू, म्हणजे ओढून चुण्या पाडायचे आणि भरतकाम झाल्यावर काढून टाकायचे कच्चे टाके.

स्मॉकिंगमधलं सगळ्यात कंटाळवाणं काम हेच, आणि फ्रॉक बरा होणार की नाही ते इथेच ठरतं. प्रत्येक ओळीला स्वतंत्र दोरा. उजव्या टोकाला भक्कम गाठ, डाव्या टोकाला वीतभर दोरा मोकळा. ओळीत १ सेंटिमीटर अंतर. साध्या कापडावर आधी ठिपके द्यावे लागतात, चौकड्यावर ती कटकट नाही. एका चौकोनावर सुई वर, पुढच्या चौकोनाला खाली, की झालं.

चौकड्यात आणखी एक गंमत करता येते. चुणीच्या माथ्यावर कुठला रंग यायचा ते आपल्या हातात असतं. सुई कापडाच्या मागे असताना जो पट्टा वर राहतो तो चुणीचा माथा होतो. सुई पुढे असताना जो खाली दबतो तो दरीत जातो. मी फिका पट्टा माथ्यावर आणि गडद पट्टा दरीत घेतला. चुण्या मिटलेल्या असताना छाती जवळजवळ पांढरी दिसेल आणि पोरीने हात पसरले की मधून निळ्या रेघा उघडतील.

सगळ्यात वरची ओळ योकच्या टिपेत जाते, तिच्यावर भरतकाम नाही. तळालाही एक जादा ओळ चुण्या धरून ठेवायला. मधल्या ओळींवर काम. धावदोऱ्याला मी फिकट पिवळा रिळाचा दोरा घेते. पांढरा घेतला तर नंतर काढताना भरतकामाचा दोरा कुठला आणि हा कुठला ते कळत नाही, आणि लाल-काळा वाफेत रंग सोडेल ही धास्ती.

२९ जून

सगळे धावदोरे दोन-दोन एकत्र धरून हळूहळू ओढले. ३६ इंचांत सुमारे १४० चुण्या बसल्या. साडेअकराऐवजी साडेदहा इंचांवर बांधल्या, कारण धावदोरे निघाले की काम इंचभर तरी फुलतं.

कापड वरून आणि खालून धरून दोन-चार वेळा उभं ताणलं, मग सुईच्या बोथट टोकाने एकेक चुणी सरळ केली. वाफेची इस्त्री दोन बोटं वर धरून वाफ दिली, कापडाला टेकवली नाही. पंख्याखाली वाळू दिलं. आता चुण्या बाजाच्या भात्यासारख्या एकसारख्या उभ्या आहेत. परदेशात यासाठी प्लीटर नावाचं हातमशीन मिळतं. दातेरी रुळांमधून कापड सरकतं आणि रांगेत बसवलेल्या वाकड्या सुयांवर आपोआप ओवलं जातं. वर्षाला पाच-पंचवीस फ्रॉक करणाऱ्याने जरूर घ्यावं. चौकड्याच्या कापडाला मात्र मी हातच वापरेन. मशीन चौकडी बघत नाही, चुणीच्या माथ्यावर कधी निळा येईल कधी पांढरा.

३ जुलै

भरतकाम सुरू. दोऱ्याचे तीन पदर, सुई ७ नंबर.

सुरुवात मध्यापासून. मधल्या दरीत वेगळ्या रंगाचा एक उभा कच्चा दोरा घालून ठेवला. मध्यापासून उजवीकडे जायचं, कडेला पोहोचलं की काम उलटं फिरवून दुसरी बाजू परत मध्यापासून उजवीकडे. एका टोकापासून निघालं तर शेवटचा चौकटीचा आकार कडेला अर्धवट तुटतो आणि दोन मुंढ्यांशी दोन तऱ्हा दिसतात.

काम डावीकडून उजवीकडे सरकतं, सुई मात्र दरवेळी उजवीकडून डावीकडे आडवी घालायची. चुणीच्या उंचीचा वरचा एक तृतीयांश भागच सुईत घ्यायचा. खोल घेतलं तर धावदोऱ्यात सुई अडकते आणि चुण्या जखडतात. फार वर घेतलं तर टाका पुढे लोंबतो.

केबलच्या टाक्यात एका चुणीला दोरा सुईच्या वर, पुढच्या चुणीला खाली, परत वर. लाटेच्या टाक्यात वर चढताना दोरा सुईच्या खाली, उतरताना सुईच्या वर, आणि शिखरावर व तळाशी एकेक केबल घालून वळायचं. मधमाशीच्या पोळ्याच्या टाक्यात दोन चुण्या एकत्र धरून दोन छोटे टाके, मग सुई दुसऱ्या चुणीच्या आतून लपून खालच्या ओळीत उतरते. तिथे तीच चुणी तिसरीशी बांधायची, परत आतून वर.

एका उरलेल्या पट्टीवर हे तिन्ही टाके शेजारी शेजारी घालून धावदोरे काढले आणि ताणून पाहिले. केबल जेमतेम सरकते. लाट चांगली उघडते. पोळ्याचा टाका दीडपटीच्या आसपास जातो आणि सोडला की परत येतो. दोरा तोच, कापडही तेच. फरक इतकाच की केबलमध्ये प्रत्येक चुणी शेजारणीला त्याच ओळीत बांधलेली असते, पोळ्यात एकदा वर आणि एकदा खाली, मधला भाग मोकळा.

मोठीच्या फ्रॉकचा क्रम यावरूनच लावला. योकखाली केबलच्या दोन ओळी पांढऱ्या, तिथे कापड हलायला नको. मग गडद निळ्या लाटा, एकमेकींसमोर ठेवून चौकटी होतील अशा. चौकटींच्या पोटात लेझी डेझीची (सुट्या पाकळ्यांच्या टाक्याची) फुलं, मध्ये पिवळी गाठ. सगळ्यात खाली पोळ्याचा टाका, टोकाटोकांनी उतरणारा, म्हणजे घेर तिथून फुलून मोकळा होईल.

११ जुलै

केबल आणि वरच्या लाटा झाल्या. रात्री दिव्याखाली दोऱ्याचा निळा आणि कापडाचा निळा एकच दिसतो, म्हणून काम दुपारचं. आषाढाचा अंधार असा की खिडकीशी बसूनही सुईच्या नेढ्यात दोरा ओवायला मोबाईलचा उजेड लागतो.

१६ जुलै

शेजारच्या काकू येऊन बघून गेल्या. "अगंबाई, आमच्या दिवाणाच्या उशांना होतं की हे!" पुष्कळ जणी हेच म्हणतात. सॅटिन किंवा मखमलीच्या उशांवर वेणीसारखं किंवा टोपलीसारखं जे काम असायचं त्यात आधी चुण्या नसतात. कापडाच्या मागे चौकटी आखून ठरावीक ठिपके एकमेकांकडे ओढून गाठ मारायची आणि पुढून घड्या आपोआप पडायच्या. दिसायला झकास, पण तो प्रकार ताणला जात नाही. उशीला ताण लागतोच कुठे?

फ्रॉकवरचा प्रकार इंग्लंडच्या खेड्यांतला. अठराव्या-एकोणिसाव्या शतकात तिथले शेतमजूर, गाडीवान आणि मेंढपाळ अंगात लिननचे ढगळ सदरे, म्हणजे स्मॉक, घालत. छातीला, पाठीला आणि मनगटाला चुण्या घालून वर भरतकाम, म्हणजे एवढं ढगळ कापड अंगासरशी राहायचं आणि कुदळ मारताना हात अडायचा नाही. शेतावर यंत्रं आली तेव्हा ते मोकळं कापड यंत्रात अडकायचा धोका निर्माण झाला आणि स्मॉक मागे पडत गेले. तोवर तेच भरतकाम बायकांच्या आणि लहान मुलांच्या कपड्यांवर चढलं होतं. १८७५ साली लंडनला सुरू झालेल्या लिबर्टीच्या दुकानाने असे कपडे शहरी घरांत नेले. मजुराच्या अंगातलं काम श्रीमंतांच्या पोरींच्या छातीवर जाऊन बसलं. आपल्याकडे ते शिवणाच्या क्लासमधून आणि शाळांतून आलं. शिवणाच्या फायलीत काज, हुक, रफू यांच्या शेजारी स्मॉकिंगचा वीतभर नमुना चिकटवलेला असायचाच.

हल्ली चुण्यांवर बदकं, आगगाड्या, भोपळे भरायची पद्धत दिसते, अमेरिकेत विशेष. केबलचे टाके एकावर एक खच्चून घालून चित्र भरतात. हात बसलेल्या बाईचं काम बघत राहावंसं वाटतं, पण ते चित्र हलत नाही. चित्राभोवतीच्या मोकळ्या चुण्या उघडू नयेत म्हणून मागच्या बाजूनेही केबलच्या ओळी घालाव्या लागतात, म्हणजे राहिलेला ताणही गेला. मला ते पटत नाही. मग सरळ साध्या कापडावर बदक भरावं.

२२ जुलै

पुढच्या भागाचं भरतकाम संपलं. धावदोरे काढण्याआधी काम इस्त्रीच्या टेबलावर उलटं घालून साडेअकरा इंचांवर टाचण्या लावल्या, वाफ दिली, पूर्ण वाळू दिलं. मग एकेक धावदोरा गाठीकडून ओढून काढला. वरचा तेवढा ठेवला, तो योकच्या टिपेला लागेल. काम टाचण्यांच्या मापावर बरोबर थांबलं.

आता मुंढा आखलेल्या रेघेवर कापायचा. पण त्याआधी रेघेच्या आतून मशीनची बारीक टीप मारून घ्यायची, म्हणजे कापताना केबलचं टोक सुटत नाही. कात्री लावण्याआधी मी दरवेळी एकदा पाणी पिऊन येते.

२६ जुलै

योक, अस्तर, कॉलर, बाह्या जोडल्या. योकच्या शिवणीत पायपिंग घातलं, गडद निळ्या क्रॉस (तिरप्या कापलेल्या) पट्टीचं. ती बारीक रेघ आली की स्मॉकिंगची वरची कड सरळ दिसते. टीप मारताना चुणीचा भाग वर ठेवायचा आणि सुईच्या पुढे चुण्या बोटाने उभ्या धरत जायच्या. खाली ठेवल्या तर मशीनचे दाते त्यांना आडव्या पाडतात.

तेवढ्यात मोठीचा व्हिडिओ कॉल. तिला फुलं, लाटा, निळं-पांढरं, सगळं दाखवलं. तिने शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, "मावशीआजी, खिसा कुठाय?" योजनेत खिसा नव्हता. बाजूच्या शिवणी अजून उघड्याच होत्या, दोन्हीकडे आतून खिसे लावले.

३१ जुलै

बिशप घेतला. रुबियावर चौकडी नाही, ठिपके द्यायला हवेत. भरतकामवाले खाका वापरतात: कागदावर सुईने भोकं पाडायची आणि रॉकेलात कालवलेली नीळ वरून फिरवायची. मी कागदाला भोकं पाडली आणि त्यांतून पाण्याने जाणाऱ्या निळ्या पेनाने ठिपके दिले. हे पेन वापरणाऱ्याने एवढं लक्षात ठेवावं की ठिपके धुऊन निघेपर्यंत इस्त्री किंवा वाफ लावायची नाही. उष्णतेने ती शाई कायमची बसू शकते. त्यामुळे इथे क्रम बदलतो. आधी ठिपके, मग सगळे धावदोरे, मग चुण्या न ओढता कापड सपाट असतानाच थंड पाण्यात बुडवून शाई घालवायची, वाळवायचं, आणि मगच दोरे ओढून वाफ.

बाह्या आणि पुढचे-मागचे भाग तिरक्या शिवणींनी आधी जोडून घेतले आहेत. शिवणीची माया (टिपेबाहेरचं जादा कापड) कापून बारीक केली, नाहीतर त्या जागी चुणी जाड येते.

१७ ऑगस्ट

बिशपचं भरतकाम संपत आलं. ताणाचा खेळ खरा इथे. गळ्याशी माप ११ इंच हवं, तर स्मॉकिंगच्या शेवटच्या ओळीशी २० च्या वर. तेवढ्याच चुण्या, वर मिटलेल्या आणि खाली पंख्यासारख्या उघडलेल्या. वरच्या ओळी एकाखाली एक केबल, फिकट हिरव्या. त्याखाली बुटकी लाट, मग उंच लाट, शेवटी पोळ्याचा टाका फिकट गुलाबी. खाली उतरताना दोरा दर ओळीला जरा सैल सोडायचा. पाचही भागांतून ओळ अखंड जाते. बाहीच्या शिवणीवरून लाट तुटू नये म्हणून शिवण चुणीच्या दरीत पडेल असं धावदोऱ्यातच बघून घेतलं होतं.

२० ऑगस्ट

बिशप टेबलावर गोल मांडला. मध्ये ११ इंच घेराची वाटी पालथी ठेवली, तिच्याभोवती गळा, आणि बाकी सूर्याच्या किरणांसारखं पसरून टाचण्या. वाफ, वाळवण, धावदोरे बाहेर. गळ्याला सव्वा इंची क्रॉस पट्टी लावून आतून हाताने दुमडली. पाठीला छोटी फट आणि एकच बटण, दोन वर्षांच्या पोरीला यापेक्षा जास्त वेळ कोणी उभं करू शकत नाही.

२८ ऑगस्ट

काल गणपती बसले, आज दोघींनी फ्रॉक घातले. मोठीच्या दोन्ही खिशांत आरतीच्या आधीच दूर्वा आणि अर्धा पेढा. धाकटी दोन्ही मुठींनी छातीचं कापड ओढायची आणि सोडून द्यायची. "मावशी, टाके तुटतील गं," भाची म्हणाली. तुटत नाहीत. ओढू दे म्हटलं.

३ सप्टेंबर

धुण्याच्या सूचना भाचीला लिहून दिल्या. थंड किंवा कोमट पाणी, साधा साबण, पिळायचं नाही. टॉवेलमध्ये गुंडाळून पाणी दाबून काढायचं. वाळत घालताना बोटांनी चुण्या उभ्या ओढायच्या. इस्त्री फक्त घेराला आणि बाह्यांना. स्मॉकिंगवर इस्त्री टेकवली की चुण्या चपट्या होतात. लागलंच तर आतल्या बाजूने लांबून वाफ.

पहिल्या धुण्यानंतरची मापं. मोठीच्या फ्रॉकची पुढची छाती सैल असताना साडेअकरा, ताणून साडेचौदा. पोळ्याच्या ओळीशी त्याहून जास्त. बिशपचा गळा ११ वर स्थिर. गुलाबी रंग पांढऱ्यावर उतरलेला नाही. चौकड्याचं कापड पाऊण मीटरच्या आत उरलं आहे, त्यात मोठीने आपल्यासारखाच खिसेवाला फ्रॉक बाहुलीसाठी मागितला आहे. १/८ इंचाची चुणी बाहुलीच्या छातीला जाड होईल, त्याला वॉइलसारखं पातळ कापड आणावं लागेल.